निवडलेला की नेमलेला?
लोकनायक बापूजी अणे यांच्या निमित्ताने राज्यपालपदाचा विचार

यवतमाळ जिल्ह्याने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले, ही गोष्ट इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत आणि त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात मुख्यमंत्री होते. मात्र याच जिल्ह्याने देशाला दोन राज्यपालही दिले, याची आठवण सहसा निघत नाही. वणीत जन्मलेले माधव श्रीहरी अणे १९४८ ते १९५२ या काळात बिहारचे राज्यपाल होते, आणि सुधाकरराव नाईक १९९४-९५ मध्ये हिमाचल प्रदेशाचे.

हा विसर साहजिक आहे. मुख्यमंत्री आपल्या मतांच्या वाटेने येतो. राज्यपाल दिल्लीहून निघालेल्या हुकमाने येतो. ज्याच्या निवडीत आपला हात नाही, त्याच्याविषयी आपुलकीही बेताचीच असते. परंतु आपल्या राज्यघटनेच्या पहिल्या आराखड्यात राज्यपाल थेट जनतेच्या मतांनी निवडला जावा अशी तरतूद होती, आणि ती बरीच चर्चा होऊन बदलली गेली. तो बदल का झाला, त्यातून काय मिळाले आणि काय गमावले, हा प्रश्न केवळ कायदेपंडितांचा नाही. यवतमाळच्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याशी त्याचा संबंध आहे, आणि संख्येने लहान असलेल्या आपल्या ख्रिस्ती समाजाशीही आहे. म्हणून हा इतिहास आपल्या वाचकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटले.

वऱ्हाडचे धनी

आमच्या जिल्ह्यावर कोणी राज्य करावे, हे शतकानुशतके इतरांनीच ठरविले. वऱ्हाड निजामाचे होते. १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि १९०२ साली तो कायमच्या पट्ट्याने त्यांना मिळाला. पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. १९२० मध्ये चीफ कमिशनरच्या जागी नागपुरास गव्हर्नर आला. तो लंडनहून नेमला जाई. स्वातंत्र्यानंतर मंगळदास पक्वासा नागपूरच्या राजभवनात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहोत. राजधानी बदलली, राज्याचे नाव बदलले, झेंडा बदलला. राज्यप्रमुख मात्र वरूनच येत राहिला.

या इतिहासात एक चमत्कारिक तपशील आहे. कागदोपत्री वऱ्हाड हा निजामाचा मुलूख असल्याने तो ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग मानला जात नव्हता. तेव्हा दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात वऱ्हाडचा प्रतिनिधी पाठवायचा कसा? त्यावर सरकारने अशी तोड काढली, की वऱ्हाडात रीतसर मतदान घ्यायचे आणि जो निवडून येईल त्याला सरकारने 'नेमायचे'. लोकांनी निवडलेला माणूस दिल्लीत नेमलेला म्हणून बसायचा. अशा रीतीने वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून दिल्लीत बसलेल्या गृहस्थांचे नाव होते माधव श्रीहरी अणे.

वणीचे बापूजी

अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० चा. त्यांनी यवतमाळला वकिली सुरू केली आणि ते लोकमान्य टिळकांच्या राजकारणाशी जोडले गेले. टिळकांवरील निष्ठा त्यांनी आयुष्यभर जपली. उतारवयात त्यांनी टिळकांचे चरित्र संस्कृत पद्यात रचले आणि त्या ग्रंथाला त्यांच्या मृत्यूनंतर, १९७३ साली, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

१९३० साली गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला. वऱ्हाडाला समुद्र नाही. पण जंगल आहे, आणि त्या जंगलातील गवतावर व लाकडावर सरकारी कायद्याचा पहारा होता. १० जुलै १९३० रोजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रहाचा आरंभ केला आणि तुरुंगवास पत्करला. लोकांनी त्यांना 'लोकनायक' म्हटले. ही पदवी कोणत्याही सरकारने दिलेली नव्हती.

त्यांचे पुढचे आयुष्य मात्र सरळ रेषेत गेले नाही. जातीय निवाड्यावरून मतभेद होऊन १९३४ साली त्यांनी पंडित मदनमोहन मालवीयांसह काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. अनेक जुन्या सहकाऱ्यांना ते रुचले नाही. परंतु फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींचे उपोषण सुरू असता सरकारने त्यांना सोडण्यास नकार दिला, तेव्हा अणे यांनी त्या उच्च पदाचा राजीनामा दिला. नेमलेला माणूस नेमणाऱ्याला नकार देऊ शकतो, हे त्यांनी त्या वेळी दाखवून दिले. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवून ठेवतो. पुढे तिचे काम पडणार आहे. त्यानंतर ते सिलोनमध्ये भारताचे प्रतिनिधी होते. ते घटना समितीचेही सभासद होते, आणि जानेवारी १९४८ मध्ये त्यांची बिहारच्या राज्यपालपदी नेमणूक झाली.

दोन वर्षांत उलटलेला निर्णय

प्रांतांच्या राज्यघटनेची तत्त्वे ठरविण्यासाठी सरदार वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती होती. जुलै १९४७ मध्ये सरदारांनी तिचा अहवाल घटना समितीपुढे ठेवला. प्रत्येक प्रांताचा गव्हर्नर प्रौढ मतदानाने थेट जनतेने निवडावा आणि त्याची मुदत चार वर्षांची असावी, असे त्यात म्हटले होते. घटना समितीने हे तत्त्व मान्य केले. ज्या देशात गव्हर्नर म्हणजे परक्या राजाचा प्रतिनिधी असे, तेथे तो लोकांनी निवडावा असे वाटणे स्वाभाविकच होते.

फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा समितीने घटनेचा आराखडा सादर केला, तेव्हा मात्र दोन पर्याय पुढे आले. एक, थेट निवडणूक. दुसरा असा, की विधिमंडळाने चार नावे निवडावीत आणि त्यांतून राष्ट्रपतींनी एकाची नेमणूक करावी.

३० आणि ३१ मे १९४९ या दोन दिवशी या कलमावर चर्चा झाली, आणि दोन्ही पर्याय बाजूला पडले. बिहारचे सभासद ब्रजेश्वर प्रसाद यांनी सुचविलेली दुरुस्ती संमत झाली. तीनुसार राज्यपाल राष्ट्रपतींनीच नेमावा असे ठरले. बिहारच्या सभासदाने नेमणुकीचा आग्रह धरावा, आणि त्याच वेळी पाटण्याच्या राजभवनात यवतमाळचा लोकनायक नेमणुकीने बसलेला असावा, हा योगायोग मोठा बोलका आहे.

मन पालटण्यामागे सबळ कारणे होती. राज्याचा खरा कारभार मुख्यमंत्री पाहणार असे ठरले होते. मग राज्यपालही साऱ्या राज्याच्या मतांनी निवडून आला, तर तो मुख्यमंत्र्याला म्हणेल, 'तुम्ही एका मतदारसंघाचे, मी अख्ख्या राज्याचा.' एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. ज्या पदाला फारसे अधिकारच नाहीत, त्याच्यासाठी लाखो मतदारांची निवडणूक घेण्याचा खर्च व खटाटोप कशाला, हा दुसरा मुद्दा होता. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. निवडून आलेला प्रांतप्रमुख प्रांताभिमानाला खतपाणी घालील अशी भीतीही होती. पंडित नेहरूंनी नेमणुकीच्या बाजूने कौल दिला. स्थानिक गटबाजीपासून दूर असलेला, बाहेरचा मान्यवर माणूस या पदावर यावा अशी त्यांची कल्पना होती. नेमणुकीपूर्वी त्या प्रांताच्या सरकारचा सल्ला घेण्याचा प्रघात पडेल, अशी अपेक्षाही सभागृहात व्यक्त झाली.

ती अपेक्षा कागदावर मात्र उतरली नाही. घटनेच्या १५५ व्या कलमात फक्त राष्ट्रपती राज्यपाल नेमतील एवढेच आहे. आणि १५६ व्या कलमाप्रमाणे राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत तो पदावर राहतो. प्रघातावर सोडलेली गोष्ट प्रघात पाळणाऱ्यांच्या सौजन्यावर जगते. हे सौजन्य पुढे आटत गेले. १९८८ साली सरकारिया आयोगाला मुख्यमंत्र्यांशी सल्लामसलत करण्याची शिफारस नव्याने करावी लागली, यावरूनच ते दिसून येते.

आपला समाज आणि वरून मिळालेला मान

येथे आपण ख्रिस्ती म्हणून थोडे अंतर्मुख व्हावयास हवे. नेमणुकीच्या पद्धतीने आपल्यासारख्या अल्पसंख्य समाजाला काही दिले, हे नाकारता येत नाही. स्वतंत्र भारतात मुंबई प्रांताचे पहिले भारतीय राज्यपाल राजा महाराजसिंग हे ख्रिस्ती होते. घटना समितीचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हेही ख्रिस्ती. ते १९५१ पासून पश्चिम बंगालचे राज्यपाल होते. दोघेही कॅथलिक नव्हते, पण ख्रिस्ती नावाला त्यांनी प्रतिष्ठा दिली. साऱ्या प्रांताच्या मतदानात हे दोघे निवडून आले असते काय? प्रामाणिक उत्तर द्यायचे तर शक्यता कमीच होती.

त्याच मे महिन्यातील आणखी एक घटना आपण विसरू नये. राज्यपालपदाची चर्चा सुरू होण्याच्या चारच दिवस आधी, २५ व २६ मे १९४९ रोजी, घटना समितीने धार्मिक अल्पसंख्याकांसाठी विधिमंडळात राखीव जागा न ठेवण्याचा निर्णय घेतला. अल्पसंख्याकविषयक उपसमितीचे अध्यक्ष डॉ. मुखर्जी हेच होते आणि या निर्णयाला त्यांचा मनःपूर्वक पाठिंबा होता. ख्रिस्ती समाजाने आपण होऊन सुरक्षित कुंपण सोडले आणि शेजाऱ्याच्या मतावर विश्वास ठेवला. ते धैर्य आपल्या पूर्वसूरींचे खरे भूषण आहे.

मात्र दहा वर्षांनी, १९५९ साली, केरळात काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९५७ मध्ये तेथे ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे कम्युनिस्ट सरकार निवडून आले. त्या सरकारच्या शिक्षण विधेयकामुळे आपल्या शाळांवर गदा येईल अशी ख्रिस्तसभेला भीती वाटली, आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. नायर समाजाची संघटना, काँग्रेस आणि आपले धर्मबांधव रस्त्यावर उतरले. सरकारला विधानसभेत बहुमत होते. तरीही राज्यपालांच्या अहवालावरून ३१ जुलै १९५९ रोजी ते बरखास्त झाले. आपल्या अनेक घरांत त्या दिवशी देवाचे आभार मानले गेले असतील.

आज मागे वळून पाहताना त्या आनंदात एक उणीव जाणवते. जे शस्त्र त्या दिवशी आपल्या बाजूने चालले, तेच पुढे अनेक राज्यांत, अनेक पक्षांच्या सरकारांवर चालविले गेले. महाराष्ट्रातही फेब्रुवारी १९८० मध्ये शरद पवार यांचे सरकार असेच गेले. बहुमताची परीक्षा राजभवनात नव्हे तर विधानसभेतच व्हावी, हे सर्वोच्च न्यायालयाला १९९४ साली बोम्मई खटल्यात ठामपणे सांगावे लागले. वरून येणारी कृपा आज आपल्या बाजूची असते, उद्या दुसऱ्याच्या. तिच्यावर विसंबणाऱ्या समाजाने हे ध्यानात ठेवणे बरे.

यवतमाळचे गाऱ्हाणे कोणाच्या दारी?

राज्यपाल म्हणजे केवळ शोभेचे पद, असे म्हणण्याची रीत आहे. विदर्भापुरते तरी ते खरे नाही. घटनेच्या ३७१ व्या कलमाच्या दुसऱ्या उपकलमाने महाराष्ट्राच्या राज्यपालांवर एक विशेष जबाबदारी सोपविण्याची सोय केली आहे. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी स्वतंत्र विकास मंडळे असावीत, आणि विकासाचा पैसा, तांत्रिक शिक्षण व सरकारी नोकऱ्या यांचे न्याय्य वाटप राज्यपालांनी पाहावे, असा तिचा आशय आहे.

१९८४ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने राज्याचा विकासाचा अनुशेष मोजला. तो सुमारे ३,१८६ कोटी रुपये भरला आणि त्यांपैकी सुमारे १,२४६ कोटी एकट्या विदर्भाचा होता. विकास मंडळे १९९४ मध्ये अस्तित्वात आली. डिसेंबर २००१ मध्ये तत्कालीन राज्यपाल डॉ. पी. सी. अलेक्झांडर यांनी अनुशेषाच्या प्रमाणात निधी देण्याविषयी निर्देश काढले. अलेक्झांडर हे केरळचे ख्रिस्ती. आमच्या कोरडवाहू शेताच्या पाण्याचा विचार त्यांच्या सहीने राज्याच्या अंदाजपत्रकाशी बांधला गेला.

हे घडले खरे, पण निर्देश काढणे राज्यपालांच्या हाती आणि कालवा खोदणे मंत्रालयाच्या हाती. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी यवतमाळचे नाव देशभर गेले. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांना विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर करावी लागली. त्या सहांत यवतमाळही होते. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि त्या वेळी ती वाढविली गेली नाही.

पाणी आले नाही म्हणून आमदाराला पाच वर्षांनी जाब विचारता येतो. विशेष जबाबदारी ज्यांच्यावर सोपविली आहे, त्या राज्यपालांना मात्र यवतमाळचा शेतकरी जाब विचारू शकत नाही. ते त्याचे काही लागत नाहीत. ते त्याच्या मताने येत नाहीत आणि त्याच्या मताने जातही नाहीत. चांगला राज्यपाल आला तर भाग्य, न आला तर नशीब. लोकशाहीत एवढी मोठी जबाबदारी नशिबावर सोडावी काय?

अलीकडच्या काळात राजभवनाचे दरवाजे उघडले ते बहुधा सत्तेच्या तंट्यासाठी. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे राष्ट्रपती राजवट उठली आणि लोक सकाळचा चहा घेत असताना मुंबईत शपथविधी उरकला. २०२२ साली राज्यपालांनी सरकारला बहुमत सिद्ध करण्यास सांगितले, ते सबळ कारणांवाचून होते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी दिला. तोवर सरकार गेले होते.

रशियात निवडणूक आहे, मग?

तर मग सरदार पटेलांच्या समितीचे म्हणणे मान्य करून राज्यपाल निवडूनच आणावा काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी रशियाकडे पाहणे उपयोगी ठरेल. या एकाच देशाने पस्तीसेक वर्षांच्या आत दोन्ही पद्धती आलटून पालटून वापरल्या आहेत. एक फरक मात्र लक्षात घ्यावा. रशियातील प्रदेशाचा गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा घटनात्मक प्रमुख नसतो. तो स्वतः कारभार पाहतो, म्हणजे अधिकाराने आपल्या मुख्यमंत्र्यासारखा.

सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा, १९९१ च्या अखेरीस, राष्ट्राध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांनी बहुतेक प्रदेशांत आपली माणसे गव्हर्नर म्हणून नेमली. १९९६ च्या सुमारास सर्वत्र निवडणुका होऊ लागल्या. सप्टेंबर २००४ मध्ये बेस्लान येथे दहशतवाद्यांनी शाळा ताब्यात घेतली आणि शेकडो निरपराध जीव, त्यांत कितीतरी मुले, बळी गेले. देश शोकात बुडालेला असतानाच, १३ सप्टेंबर रोजी, व्लादिमिर पुतिन यांनी गव्हर्नरांच्या निवडणुका बंद करण्याचे जाहीर केले. नव्या पद्धतीत राष्ट्राध्यक्षाने नाव सुचवायचे आणि प्रदेशाच्या विधिमंडळाने मान डोलवायची. आपल्या १९४८ च्या आराखड्यातील दुसऱ्या पर्यायाची ही नेमकी उलटी बाजू होती. तेथे नावे खालून वर जाणार होती. येथे वरून खाली आली.

मॉस्कोत मोठी निदर्शने झाल्यावर २०१२ साली निवडणुका परत आल्या, पण एका चाळणीसकट. उमेदवाराला त्या प्रदेशातील नगरपालिका व ग्रामपंचायतींसारख्या संस्थांच्या सभासदांपैकी ठरावीक टक्के लोकांच्या सह्या आणाव्या लागतात. हे सभासद बहुतांशी सत्ताधारी पक्षाचे. त्यामुळे कोणी उभे राहायचे, हेच आधी ठरून जाते.

तरीही कधी कधी मतपेटी ठरलेले ऐकत नाही. पूर्वेकडील खाबारोव्स्क प्रदेश क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा आहे, पण तेथील लोकवस्ती आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या निम्मीही नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये तेथील मतदारांनी सत्ताधारी पक्षाच्या गव्हर्नरला घरी बसविले आणि सेर्गेई फुर्गाल यांना प्रचंड बहुमताने निवडले. जुलै २०२० मध्ये जुन्या खुनांच्या आरोपावरून फुर्गाल यांना अटक झाली आणि मॉस्कोहून दुसरा माणूस हंगामी गव्हर्नर म्हणून आला. त्या थंड प्रदेशात हजारो सामान्य माणसे आठवड्यामागून आठवडे रस्त्यावर आली. आरोप खरे की खोटे हे येथून ठरविणे आपले काम नव्हे. फुर्गाल यांना २०२३ साली २२ वर्षांची शिक्षा झाली. पण 'आम्ही निवडलेला माणूस आम्हांला न विचारता नेला,' ही त्या लोकांची व्यथा आपल्याला कळू शकते. त्यांना मत होते. त्या मताला आधार देणारे स्वतंत्र न्यायालय, स्वतंत्र वृत्तपत्र आणि निर्भय निवडणूक यंत्रणा मात्र नव्हती.

तेव्हा मतपेटी ठेवली म्हणजे उत्तरदायित्व आपोआप येते असे नाही. नेमणूक असली की ते जातेच असेही नाही. पद कोणत्या दाराने मिळाले हा प्रश्न महत्त्वाचा खरा. पण पदावर बसल्यावर तो माणूस कोणाला उत्तर देतो, हा त्याहून महत्त्वाचा.

ख्रिस्तसभेचा जुना अनुभव

या विचाराचे मूळ आपल्याच घरात सापडते. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीतील तंट्याची हकीकत आहे. रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती. म्हणजे तोही एका परीने अनुशेषाचाच प्रश्न. प्रेषितांनी त्यावर स्वतः माणसे नेमली नाहीत. त्यांनी मंडळीला सात जण निवडण्यास सांगितले आणि निवडलेल्यांवर हात ठेवून त्यांना सेवेसाठी नेमले. निवड लोकांची, नेमणूक प्रेषितांची, आणि कसोटी एकच: उपेक्षित विधवेच्या पानात अन्न पडते की नाही.

संत अँब्रोज यांची कथा तर आपल्या विषयाच्या थेट गाभ्याशी जाते. ते स्वतः गव्हर्नर होते. रोमन सम्राटाने त्यांना उत्तर इटलीतील एका प्रांतावर नेमले होते व मिलान हे त्यांचे ठाणे होते. इ. स. ३७४ मध्ये तेथील बिशपची जागा रिकामी झाली आणि दोन पक्षांत दंगल होण्याची वेळ आली. शांतता राखण्यासाठी गव्हर्नर अँब्रोज मंदिरात गेले, तो लोकांनी त्यांच्याच नावाचा घोष सुरू केला. त्यांचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. तरी काही दिवसांतच ते बिशप झाले. पुढे, ३९० साली, थेस्सलनीकात सम्राट थिओडोसियसच्या हुकमाने हजारो माणसांची कत्तल झाली, तेव्हा याच अँब्रोज यांनी सम्राटाला जाहीर प्रायश्चित्त घ्यायला लावले. सम्राटाने नेमलेला गव्हर्नर लोकांनी निवडलेला बिशप झाला, आणि अखेर त्याने आपले उत्तरदायित्व सम्राटालाही नव्हे, जमावालाही नव्हे, तर देवाला आणि मारल्या गेलेल्या निरपराधांना मानले.

आज बिशपांची नेमणूक परमगुरू करतात. अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला. यवतमाळचे धर्मग्राम त्यातच येतात, आणि तेथील बिशपही याच रीतीने येतात. १९८३ च्या धर्मविधिसंहितेत मात्र योग्य व्यक्तीच्या शोधात धर्मगुरूंचा आणि, उचित वाटल्यास, सुज्ञ प्रापंचिकांचा अभिप्राय घेण्याची सोय आहे. आपल्या धर्मग्रामातील धर्मगुरू बदलीचे पत्र येताच जातात, नवे येतात. आपण एकाला निरोपाचा हार घालतो आणि दुसऱ्याला स्वागताचा. त्यांना आपण मत दिलेले नसते. तरी काही धर्मगुरू आपले होऊन जातात, ते कशाने? आजाऱ्याच्या घरी येण्याने, हिशेब मंडळापुढे मोकळेपणाने मांडण्याने, आणि चार माणसे बोलत असता ऐकून घेण्याने.

राज्यपालांकडून आमची अपेक्षा याहून निराळी नाही. नेमणुकीपूर्वी राज्याचे मत घेण्याचा, घटनाकारांना अभिप्रेत असलेला प्रघात लेखी नियम व्हावा. विदर्भाविषयीची विशेष जबाबदारी कशी पार पाडली, याचा अहवाल दरवर्षी जिल्हावार प्रसिद्ध व्हावा आणि तो यवतमाळच्या बाजारात, वणीच्या शाळेत, पुसदच्या ग्रंथालयात कोणालाही वाचता यावा. निवडणूक न घेताही एवढे करता येते. आणि आपण ख्रिस्ती लोकांनी राजभवनाच्या चहापानाचे निमंत्रण आले म्हणून धन्यता मानण्याआधी, तेथे शेजारच्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे पोचले काय, हे विचारावे.

बापूजी अणे यांच्या चरित्राचा शेवट या दृष्टीने फार मोलाचा आहे. बिहारचे राज्यपालपद भूषवून परतल्यावर त्यांना स्वस्थ बसता आले असते. परंतु हा माजी राज्यपाल पुन्हा मतदारांच्या दारी गेला. १९६२ साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, ते नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. विदर्भाचे गाऱ्हाणे मांडायचे तर ते नेमणुकीच्या बळावर नव्हे, लोकांच्या मताच्या बळावर मांडावे, असेच जणू त्यांनी ठरविले असावे. २६ जानेवारी १९६८ रोजी, म्हणजे राज्यघटनेच्या वाढदिवशीच, ते निवर्तले.

आमच्या जिल्ह्यात त्यांची आठवण आजही 'लोकनायक' म्हणूनच काढतात. 'माजी राज्यपाल' म्हणून कोणी काढत नाही. कोणती पदवी टिकते आणि कोणती झडून जाते, ते लोकांनी मतपेटीवाचूनच ठरविले आहे.